दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न



रोग शरीराच्या आत असतो आणि वैद्य बाहेर उभा असतो. वैद्यकशास्त्राची ही सर्वांत जुनी अडचण. शरीर न कापता, रोग्याला इजा न करता आत काय चालले आहे हे कसे जाणावे, या प्रश्नाचा पाठपुरावा माणूस हजारो वर्षे करीत आला आहे. आज तालुक्याच्या गावीही सोनोग्राफीची पाटी दिसते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी स्कॅन होतो. घराघरांतील कपाटांत एक्स-रेच्या मोठ्या पाकिटांची चळत साठलेली असते. इतके पाहता येऊ लागल्यावर काय पाहायचे, केव्हा पाहायचे आणि पाहिल्यानंतर काय करायचे, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

वाग्भटाने अष्टांगहृदयात रोग्याची परीक्षा करण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. डोळ्यांनी पाहावे, हाताने चाचपावे आणि रोग्याला विचारावे. गेल्या अडीचशे वर्षांत विज्ञानाने यांपैकी पहिल्या दोन मार्गांना विलक्षण बळ दिले. तिसरा मार्ग मात्र माणसाच्याच हाती राहिला आणि आज दुर्लक्ष होत आहे ते नेमके त्याच्याकडे.

पिंपावरची टिचकी, कागदाची सुरळी

अठराव्या शतकात व्हिएन्नाच्या रुग्णालयात लिओपोल्ड औएनब्रुगर नावाचा डॉक्टर होता. त्याचे वडील खानावळवाले. मद्याचे पिंप कितपत भरले आहे हे त्यावर टिचकी मारून आवाजावरून ओळखतात, हे त्याने लहानपणी पाहिले होते असे सांगतात. तीच युक्ती त्याने रोग्याच्या छातीवर वापरली. फुप्फुसाभोवती पाणी साठले असेल तर आवाज बद्द येतो, हवा असेल तर घुमतो. १७६१ मध्ये त्याने यावर छोटे पुस्तक लिहिले. समकालीनांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिझार याने १८०८ मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद केला, तेव्हा कुठे ती रीत सर्वमान्य झाली. आजही डॉक्टर आपल्या पाठीवर एक बोट ठेवून दुसऱ्याने ठोकतात, ते त्याचेच ऋण.

त्यानंतर काही वर्षांनी, १८१६ मध्ये, पॅरिसच्या रेने लाएनेकसमोर हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची घट्ट सुरळी केली, तिचे एक टोक तिच्या छातीला आणि दुसरे आपल्या कानाला लावले. हृदयाचे ठोके थेट कान लावून ऐकू येत, त्याहून स्पष्ट ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्म असा एका स्त्रीच्या मर्यादेचा मान राखण्यातून झाला. क्षयाच्या छातीतील आवाजांचा सूक्ष्म अभ्यास करणारा लाएनेक १८२६ मध्ये स्वतः क्षयानेच गेला.

सावलीपासून चित्राकडे

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्यूर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना अंधाऱ्या प्रयोगशाळेत दूरचा एक पडदा चमकताना दिसला. नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली होती, तरीही काहीतरी आरपार येत होते. त्या अज्ञात किरणांना त्यांनी 'क्ष' म्हटले. डिसेंबरमध्ये पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातली अंगठी तेवढी दिसत होती. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल त्यांना मिळाले. त्यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही आणि पारितोषिकाची रक्कम विद्यापीठाला दिली. हे ज्ञान साऱ्या जगाचे आहे, अशी त्यांची धारणा होती. शोध लागल्यानंतर काही महिन्यांतच जगभरचे डॉक्टर मोडलेली हाडे आणि शरीरात रुतलेल्या गोळ्या शोधू लागले, त्यामागे ही उदारताही होती.

परंतु एक्स-रे ही अखेर सावलीच. कंदिलाच्या उजेडात भिंतीवर पडलेल्या सावलीत पुढची-मागची वस्तू एकमेकींत मिसळते, तशीच छातीच्या चित्रात फासळी, फुप्फुस आणि हृदय एकावर एक पडतात. मग अनेक कोनांतून अनेक सावल्या घेतल्या, तर त्यांवरून मूळ वस्तूचा काप गणिताने उभा करता येईल का? सीटी स्कॅनचे मूळ या प्रश्नात आहे. इंग्लंडमधील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या प्रयोगशाळेतील सुरुवातीच्या यंत्राला एका चित्राची मापे घ्यायला ९ दिवस लागत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेण्यात आले आणि कवटी न उघडता आतील गाठ दिसली. १९७९ चे नोबेल हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना विभागून मिळाले.

या कथेत एक भारतीय नाव आहे, ते आपल्या मुलांना ठाऊक असावे. मद्रास विद्यापीठात १९५४ मध्ये कोलॅजेन या प्रथिनाची तिहेरी पिळाची रचना मांडणारे प्रा. जी. एन. रामचंद्रन यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह १९७१ मध्येच एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सावल्यांवरून चित्र उभे करण्याच्या किचकट आकडेमोडीला त्यांनी सुटसुटीत आणि वेगवान पर्याय दिला. प्रत्येक सावलीवर आधी एक गणिती संस्कार करायचा आणि मगच ती चित्रात मिसळायची, म्हणजे कडा धूसर होत नाहीत. हाउन्सफील्ड यांचे पहिले यंत्र वेगळ्या गणितावर चालत होते आणि रेडिओ-खगोलशास्त्रातही १९६७ मध्ये अशीच रीत स्वतंत्रपणे मांडली गेली होती, हे सांगायलाच हवे. तरीही पुढची अनेक दशके जगभरचे सीटी स्कॅनर याच धाटणीच्या गणितावर चालले आणि त्यातील त्या संस्काराला 'राम-लाक' हे नाव चिकटून राहिले. रामचंद्रन २००१ मध्ये निवर्तले. ज्या समाजात क्रिकेटपटूंचे धावफलक तोंडपाठ असतात, तेथे हे नाव विज्ञानाच्या वर्गाबाहेर क्वचितच ऐकू येते.

एमआरआयची वाट निराळी. तेथे क्ष-किरण नाहीत. शरीरातील पाण्यात असलेल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यांनी पाठवलेले रेडिओ संदेश टिपले जातात. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या या रीतीला पीटर मॅन्सफील्ड यांनी गणिताची व वेगाची जोड दिली. त्या दोघांना २००३ मध्ये नोबेल मिळाले. मात्र नेहमीच्या यंत्राचे १.५ टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन प्राणास मुकला. यंत्र निरुपद्रवी असले तरी बेफिकिरी निरुपद्रवी नसते.

जीव वाचवणारे यंत्र, जीव घेणारी नजर

सोनोग्राफीची कथा अधिक हृद्य आहे आणि अधिक क्लेशकारकही. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलात होते. १९५५ मध्ये त्यांनी धातूतील चिरा ध्वनिलहरींनी शोधण्याचे कारखान्यातील यंत्र शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींवर लावून पाहिले. पुढे एका स्त्रीला पोटाचा असाध्य कर्करोग असल्याचे निदान झाले होते. डोनाल्ड यांच्या यंत्राने सांगितले की ही पाण्याने भरलेली अंडाशयाची गाठ आहे. शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली आणि ती स्त्री वाचली. १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या पद्धतीवरील निबंध प्रसिद्ध झाला.

एका स्त्रीचे प्राण वाचवून ज्या यंत्राने आपली योग्यता सिद्ध केली, त्याच यंत्राने आपल्या देशात असंख्य मुलींना जन्माला येऊ दिले नाही. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य, वर्ष १९८८. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो २००३ मध्ये अधिक कडक झाला. म्हणजे कायदा होता आणि मुली घटत होत्या. हे अज्ञानातून झाले असे म्हणण्याची सोय नाही. उसाच्या पाण्यावर सुबत्ता आलेल्या कोल्हापुरात २००१ मध्ये हा आकडा ८३९ होता, सांगलीत ८५१. बीडमध्ये २०११ मध्ये तो ८०७ पर्यंत घसरला.

या आकड्यांमागे परकीय आक्रमक नाही, दुष्काळ नाही, साथ नाही. आपलीच घरे आहेत. नवरात्रात कुमारिकेचे पाय धुणारी घरे आहेत. यंत्राने फक्त चित्र दाखवले. 'मुलगा की मुलगी?' हा प्रश्न घराने विचारला आणि पैसे घेऊन कुणा डॉक्टरने उत्तर दिले. दर्शन निर्दोष होते, प्रश्न पापी होता. २०११ मध्ये कोल्हापूर ८६३ वर आणि सांगली ८६७ वर आली. प्रशासन आणि समाज जागा झाला तर उतार थांबतो, एवढा दिलासा त्यातून घेता येतो. त्याहून अधिक समाधान मानण्यासारखी ही संख्या नाही.

कोठे अति, कोठे अभाव

प्रश्न न विचारता पाहण्याचेही दुष्परिणाम असतात. दक्षिण कोरियाचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९९९ पासून कर्करोगाच्या सरकारी तपासणी मोहिमेसोबत अल्प शुल्कात गळ्याची सोनोग्राफी होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या १५ पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तेथेच राहिले. आयुष्यभर कधीच त्रास न देणाऱ्या बारीक गाठी शोधून हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेकांच्या नशिबी जन्माची गोळी आली.

आपल्याकडे २०२१ च्या कोरोना लाटेत छातीच्या सीटी स्कॅनसाठी रांगा लागल्या होत्या. 'स्कोअर किती?' हा कुशलप्रश्नच होऊन बसला. सौम्य लक्षणांच्या रुग्णांनी सीटी करू नये, असे दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावे लागले. एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे, हा त्यांचा आकडा आधुनिक यंत्रांना लागू नाही, असा आक्षेप क्ष-किरणतज्ज्ञांनी घेतला. वाद आकड्याचा होता. सीटीमध्ये एक्स-रेपेक्षा किरणोत्सर्ग अधिक असतो, यावर दुमत नव्हते. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. छातीच्या एक्स-रेमध्ये तो ०.१ किंवा त्याहूनही कमी, तर पोटाच्या सीटीमध्ये सुमारे ८ ते १० असतो. अपघातात डोक्याला मार लागला असेल, पक्षाघाताची शंका असेल, तर क्षणाचाही विचार न करता सीटी करावा, कारण तेथे लाभ कितीतरी मोठा आहे. निव्वळ मनाच्या समाधानासाठी मात्र करू नये.

याची दुसरी बाजूही पाहायला हवी. शहरात 'फुल बॉडी चेकअप'च्या सवलतींच्या जाहिराती येतात आणि वस्तीत खोकणाऱ्या मजुराचा साधा एक्स-रे निघत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत आढळलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण छातीच्या एक्स-रेशिवाय निसटले असते. त्यांना ठळक लक्षणेच नव्हती. आज हातात धरून नेता येईल अशी एक्स-रे यंत्रे आली आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत ती वस्त्यांपर्यंत नेली गेली. यंत्र दारात येते, पण माणसाला त्यासमोर आणून उभे करायला माणूसच लागतो. सेवावस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला हे काम सहज जमणारे आहे. त्याला घरे ठाऊक असतात, कोण किती दिवस खोकतो आहे हे ठाऊक असते आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारी माणसे तेथे असतात.

प्रत्येक कुटुंबालाही काही साध्या गोष्टी करता येतील. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली की आदराने तीन प्रश्न विचारावेत. यातून नेमके काय कळेल? निकाल असा किंवा तसा आला तर उपचार बदलणार आहेत का? कमी किरणांची किंवा बिनकिरणांची दुसरी तपासणी चालेल का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. जुने अहवाल आणि फिल्म तारखेवार एका फायलीत ठेवाव्यात, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. गरोदर स्त्रीने एक्स-रे किंवा सीटीच्या खोलीत पाऊल ठेवण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगावे. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर एमआरआयपूर्वी न विसरता सांगावे. आणि सोनोग्राफीच्या खोलीत बाळ सुखरूप आहे ना, एवढेच विचारावे. दुसरा प्रश्न घरातील कोणी वडीलधाऱ्याने काढला, तर त्या सुनेच्या बाजूने घरातल्याच कोणीतरी उभे राहावे. ते काम कायदा करू शकत नाही, यंत्र तर नाहीच. ते आपल्याला करायचे आहे.