फोन लागतो तो कशाच्या जोरावर?

खांदेश्वर स्टेशनवर उतरून खांदा कॉलनीकडे चालता चालता तुम्ही घरी फोन लावता. तो लागण्याआधी टॉवर आणि मोबाइल कंपनीची मुख्य यंत्रणा यांच्यात निरोपांची देवाणघेवाण होते. फोर-जी असो वा फाइव्ह-जी, हे निरोप जातात एससीटीपी नावाच्या प्रोटोकॉलने. तो २००० साली प्रसिद्ध झाला, २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली.

टीसीपी हा जुना, भरवशाचा प्रोटोकॉल असताना एससीटीपी कशाला? टीसीपीची जोडणी दोन्ही टोकांना एकेका पत्त्याशी बांधलेली असते. एससीटीपीत एकाच जोडणीला अनेक पत्ते देता येतात. रस्ता खोदताना एक केबल तुटली, तर निरोप दुसऱ्या वाटेने जातात. दोन्ही केबली एकाच चरातून नेल्या असतील, तर मात्र प्रोटोकॉल तरी काय करणार!

लिनक्स या संगणकप्रणालीत एससीटीपीचं काम तिचा गाभा, म्हणजे कर्नल, करतो. प्रोग्रामांना लागणारी लायब्ररी आणि चाचणीची साधनं ‘एलकेएससीटीपी-टूल्स’ या मुक्तस्रोत संचात मिळतात. संच अद्ययावत केला म्हणजे कर्नलही सुधारला, असं नाही. तो वेगळा अपडेट करावा लागतो. एससीटीपीला कर्नलची साथ आहे का, हे संचातली ‘चेकएससीटीपी’ ही आज्ञा लगेच सांगते. आणखी एक गोम आहे. आधीपासून चालू असलेला प्रोग्राम जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसतो. तो बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय नवी लायब्ररी वापरात येत नाही.