सुट्टी झाल्यानंतरचे दिवस



दवाखान्यातून सुट्टी झाली म्हणजे दुखणे संपले, असे आपल्याकडे मानतात. परंतु म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत खरी कसोटी पुष्कळदा त्या दिवसापासूनच सुरू होते, आणि विमा नेमका तेथेच हात आखडता घेतो. आज आम्हास बोलावयाचे आहे ते एवढ्याविषयीच.

जे मिळाले ते आधी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न न विचारता, तीत घेण्यात आले. घरातील अशा वृद्धांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. ही गोष्ट लहान नव्हे. ज्यांनी अजून वय वंदना कार्ड काढले नसेल त्यांनी उद्याच आधारकार्ड घेऊन जावे. व्याख्यान ऐकल्याचे तेवढे तरी फळ पदरात पडेल. मात्र सुट्टीनंतरचे १५ दिवसच या योजनेत धरले आहेत, आणि तेही औषधे, तपासण्या यांपुरते. रात्री कूस बदलून देणारा हात तीत नाही.

समजा, पंचाहत्तरीची बाई अंगणात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पैसे योजनेने दिले, बाई घरी आली. आता तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावयाचे, नाही तर पाठीला जखमा होतात. आधार देऊन चालवावयाचे, शौचाला न्यावयाचे. हे काम १५ दिवसांत उरकत नाही, महिने लागतात. मोठ्या शहरात पैसे मोजले तर शुश्रूषागृह मिळते. चुलबंदच्या काठी ते काम सून करते.

आणि सून काही रिकामी बसलेली नसते. रोवणीचे दिवस असले तर तिची मजुरी बुडते. विडी वळणारी असली तर खाटेशेजारी सूप मांडीवर घेऊन बसते. मजुरी हजार विड्यांमागे. जितक्या वेळा उठावे तितक्या विड्या कमी. शिवाय तंबाखूची धूळ त्या म्हातारीच्याच छातीत जाते. एका सभासद बाईने आम्हास विचारले, "भाऊ, सासूच्या ऑपरेशनचं सरकारनं देलं, माझ्या खाड्याचं कोन देईन?" सभेत आम्ही पुष्कळ प्रश्नांची उत्तरे ठोकून देतो. त्या दिवशी गप्प बसलो.

कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा. विमेदार कामगार आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम त्यास मिळते. म्हणजे बुडालेली मजुरी ही विम्याची बाब आहे, हे तत्त्व आपण केव्हाच मान्य केले. फक्त ते आजाऱ्यापाशी थांबले. खाटेजवळ बसणाऱ्यापर्यंत आले नाही. यात दोष आमचाही आहे. बोनससाठी आम्ही मोर्चे काढले, या खाड्यासाठी एकही नाही.

अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने वृद्धांना दवाखान्यानंतरच्या शुश्रूषागृहाचे १०० दिवसांपर्यंत संरक्षण दिले. पहिले २० दिवस पूर्ण, पुढे रोग्यानेही भर घालावयाची. पण आधी तीन दिवस दवाखान्यात दाखल असावे लागते, आणि 'निरीक्षणाखाली' ठेवलेले दिवस त्यात मोजत नाहीत. नुसते न्हाऊ-खाऊ घालण्याचे काम असेल तर तेही बाहेर. श्रीमंत देशाची ही काटकसर पाहून आम्हास नवल वाटले. जर्मनीने १९९५ पासून निराळी वाट धरली: सक्तीचा शुश्रूषाविमा, मालक-कामगार दोघांची वर्गणी, आणि घरीच सेवा होत असेल तर रोख रक्कम. सेवा करणाऱ्या नातेवाइकाच्या निवृत्तिवेतनाची वर्गणीसुद्धा ठरावीक अटींवर तो विमा भरतो. सुनेचे काम हे काम आहे, असे तेथे कायद्याने लिहून ठेवले आहे.

एवढे सारे आपणास एकदम मिळणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून मागणी लहान केली आहे: मोठ्या शस्त्रक्रियेनंतर १५ चे ९० दिवस करावेत, परिचारिकेने घरी येऊन पाहावे, आणि सेवेसाठी घरी राहणाऱ्यास खाड्याची काही भरपाई मिळावी. अर्जाचा मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. सही करणाऱ्यांनी नावापुढे घरातील वृद्धाचे वय आणि मजुरीचे किती दिवस बुडाले तेही लिहावे.