दिग्दर्शकाचा चरित्रपट : आयुष्य आणि काम



प्रत्यक्ष होऊन गेलेल्या व्यक्तीच्या आयुष्यावर बेतलेला कथापट म्हणजे चरित्रपट. संत, छत्रपती, क्रांतिकारक, नट, गायक आणि खेळाडू यांच्या पाठोपाठ आता चित्रपट-दिग्दर्शकही या प्रकारात नायक म्हणून येऊ लागला आहे. खेळाडूचा पराक्रम मैदानावर दिसतो आणि गायकाचा थेट कानी पडतो; दिग्दर्शकाचे काम मात्र मुख्यतः निवडीचे असते. कॅमेरा कोठे ठेवायचा, नटाला कोणत्या क्षणी थांबवायचे, चित्रित झालेल्यातले काय ठेवायचे आणि काय कापायचे, हे निर्णय बव्हंशी मनात होतात आणि पडद्यावर उरतो तो त्यांचा परिणाम. त्यामुळे दिग्दर्शकावरचे बहुतेक चरित्रपट त्याचे दारिद्र्य, त्याची उपेक्षा, त्याचे यश आणि त्याची उतरण मन लावून दाखवतात, आणि ज्या कामामुळे त्याचे चरित्र लिहावेसे वाटले ते काम तेवढे ओझरते उरते. दिग्दर्शकाच्या चरित्रपटाची खरी कसोटी हे काम दिसण्यात आहे, हे या भाषणाचे प्रतिपादन आहे.

या कसोटीची जाण पहिल्यांदा दाखवली ती दादासाहेब फाळके यांनीच. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाल्यानंतर चारच वर्षांनी त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट केला. त्याचा जो तुकडा आज उपलब्ध आहे, त्यात फाळके नटांना सूचना देताना आणि फिल्मची पट्टी हाताळताना स्वतः दिसतात. भारतीय पडद्यावर दिग्दर्शकाचे हे अगदी आरंभीचे दर्शन. आणि त्यात दुःखाची कहाणी नाही, अश्रू नाहीत, आहे तो केवळ कामात गढलेला माणूस. 'नवयुग' मासिकातील लेखांतून त्यांनी या धंद्याची हकीकत मराठी वाचकाला सांगितली, तीही याच वृत्तीने.

परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटाचे मोल या पार्श्वभूमीवर उठून दिसते. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो निवडला गेला, हे सर्वज्ञात आहे. परंतु त्याचे खरे यश वेगळे आहे. नंदू माधव यांनी उभे केलेले फाळके सतत काही ना काही करत असतात. कुंडीतल्या रोपाची वाढ ते टप्प्याटप्प्याने टिपतात, लंडनला जाऊन यंत्रे आणतात, आणि स्त्रीभूमिकेसाठी बाई मिळत नाही म्हणून पुरुष नटांना तयार करताना त्यांची तारांबळ उडते. मूकपटाच्या लयीशी नाते सांगणारी लगबग, बव्हंशी स्थिर दृश्यचौकटी आणि मिश्किल सूर यांमुळे नायकाची पूजा न करताही त्याची जिद्द प्रेक्षकापर्यंत पोहोचते. निर्णय मनात होत असले तरी त्यांचा खटाटोप हातांत दिसतो, हे या चित्रपटाने अचूक ओळखले.

त्या खटाटोपातले एक काम जवळून पाहण्याजोगे आहे. त्या काळी विलायतेहून येणारी कच्ची फिल्म छिद्रांविना असे; कॅमेऱ्याच्या आणि प्रक्षेपकाच्या दात्यांत ती अडकावी म्हणून तिच्या कडांना ठरावीक अंतरावर भोके पाडावी लागत आणि फिल्मवर प्रकाश पडू नये यासाठी हे काम अंधारात चाले. फाळके यांच्या घरी ते त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केले. फिल्म धुण्याच्या कामात त्यांचा हात होता, दागिने गहाण पडले तेही त्यांचेच, आणि चित्रणासाठी जमलेल्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच अंगावर पडला. विभावरी देशपांडे यांच्या भूमिकेमुळे सरस्वतीबाई नवऱ्यासाठी त्याग करणारी साध्वी एवढ्याच साच्यात राहत नाहीत. कारखान्यातल्या भागीदार म्हणून त्या समोर येतात. दिग्दर्शकाचे काम एकट्याचे नसते, हे सत्य या चित्रपटाने प्रसंगांतून मांडले.

तथापि, या चित्रपटाने केलेली निवड तपासणेही प्राप्त आहे. त्याचा भर पहिल्या चित्रपटाच्या निर्मितीवर असल्यामुळे पुढचे फाळके त्यात येत नाहीत. १९१८ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान फिल्म कंपनी, भागीदारांशी झालेले मतभेद, काशीतला मुक्काम, बोलपटाच्या आगमनाने बदललेला धंदा, १९३७ चा 'गंगावतरण' आणि १९४४ मध्ये नाशिकला झालेला अंत, हा सगळा भाग प्रेक्षकाला पुस्तकांतूनच शोधावा लागतो. आयुष्यातील एकच पर्व निवडण्याचा अधिकार कलाकृतीला निश्चितच आहे. मात्र बहुसंख्य प्रेक्षकांसाठी चित्रपट हेच चरित्र होऊन बसते, म्हणून त्या निवडीची जबाबदारीही मोठी असते.

दुसरे उदाहरण शेखर सरतांडेल यांच्या 'एक अलबेला' (२०१६) या चित्रपटाचे. भगवानदादा, म्हणजे भगवान आभाजी पालव, हे कमी खर्चाचे मारधाडपट करता करता १९५१ च्या 'अलबेला'पर्यंत पोहोचले. त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र हे पुणतांब्यात जन्मलेले, म्हणजे आपल्या श्रीरामपूरच्या शेजारचेच. त्यामुळे या परिसराला हा विषय परका नाही. मंगेश देसाई यांनी भगवानदादांची लकब आणि नाच आत्मसात केला व विद्या बालन गीता बालीच्या भूमिकेत दिसल्या. गाण्यांची पुनर्निर्मिती हे या चित्रपटाचे मोठे आकर्षण ठरले, आणि नेमकी येथेच अडचण आहे. नक्कल जितकी हुबेहूब होते, तितके प्रेक्षकाचे लक्ष नाचणाऱ्या नायकावर खिळते आणि त्या नाचाची चौकट ठरवणारा दिग्दर्शक मागे पडतो. भगवानदादा एकाच वेळी नट, निर्माते आणि दिग्दर्शक होते. त्यांतल्या तिसऱ्याला न्याय देणे सर्वांत कठीण होते.

बंगालीत या पेचातून वेगळी वाट काढली गेली. ऋत्विक घटक यांच्या आयुष्यावर बेतलेल्या 'मेघे ढाका तारा' (२०१३) या चित्रपटाचा नायक नीलकंठ बागची या नावाने वावरतो, आणि सत्यजित राय यांच्या पहिल्या चित्रपटाची जडणघडण सांगणाऱ्या 'अपराजितो' (२०२२) मध्येही नावे बदललेली आहेत. नाव बदलल्याने तपशिलाचे ओझे हलके होते आणि कलावंताच्या मनोव्यापारात शिरण्याची मोकळीक मिळते. त्याच्या उलट बाजूला गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) आहे. त्यातला दिग्दर्शक सुरेश सिन्हा काल्पनिक असूनही, १९६४ मधील गुरुदत्तांच्या अकाली मृत्यूनंतर प्रेक्षकांनी त्या चित्रपटालाच त्यांचे आत्मचरित्र ठरवले. उद्ध्वस्त प्रतिभावंताची ही प्रतिमा इतकी प्रभावी ठरली की, कलावंत म्हटला की त्याचा शेवट शोकांतच असणार, असा संकेत रूढ झाला. नेमाने स्टुडिओत जाणारा, हिशेब सांभाळणारा, सहकाऱ्यांना शिकवणारा दिग्दर्शक त्यामुळे चरित्रपटाला निरस वाटतो.

महाराष्ट्राचा चित्रपट-इतिहास मात्र अशाच माणसांनी घडवला. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात कॅमेरा घरीच तयार केला आणि 'सावकारी पाश'मधून शेतकऱ्याचे कर्ज पडद्यावर आणले. दामले आणि फत्तेलाल या जोडीचा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. दोघांनी मिळून केलेले दिग्दर्शन म्हणजे नेमके कोणी काय केले, हा प्रश्नच एका उत्तम चरित्रपटाचा गाभा होऊ शकतो. भालजी पेंढारकर यांचा स्टुडिओ गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत भस्मसात झाला आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला. तेथे आगीच्या दृश्याचा मोह पटकथाकाराला होईल, पण उभारणीची वर्षे अधिक बोलकी आहेत.

असे चरित्रपट घडायचे तर आधी चरित्रे हवीत, आणि येथे साहित्यिकांचे काम सुरू होते. बापू वाटवे यांच्यासारख्यांनी फाळके यांचे चरित्र लिहून ठेवले म्हणून पुढच्या पिढीच्या हाती सामग्री आली. 'राजा हरिश्चंद्र'चीसुद्धा सर्व रिळे आज उपलब्ध नाहीत. जिथे मूळ कलाकृतीच खंडित आहे, तिथे पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, पटकथांची बाडे, छायाचित्रे आणि सहकाऱ्यांच्या आठवणी हाच दिग्दर्शकाच्या कामाचा पुरावा उरतो. तालुक्या-तालुक्यांतील जुन्या चित्रपटगृहांची आणि तंबूतल्या खेळांची कागदपत्रेही याच पुराव्यात मोडतात. येथील महाविद्यालयांनी व वाचनालयांनी ही सामग्री गोळा करावी, लेखकांनी तिच्या आधारे कामाचा तपशील देणारी चरित्रे लिहावीत आणि पटकथाकारांनी नायकाच्या अश्रूंआधी त्याचे निर्णय वाचावेत, अशी अपेक्षा या व्यासपीठावरून नोंदवणे उचित ठरेल.