हरवलेली नोंद कुठे शोधायची?

एकेक माणूस फॉर्म भरतो तोवर सगळं सुरळीत चालतं. शेकडो जण एकाच वेळी भरायला लागले की काही नोंदी डेटाबेसमधून गायब होतात, आणि एररसुद्धा येत नाही. आज त्याबद्दल बोलू.

इथे बंगळुरूत माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी आरोग्य शिबिर होतं. ऑनलाइन नोंदणी सकाळी दहाला उघडली, जागा मोजक्या, सगळे एकदम तुटून पडले. शिबिराच्या दिवशी बेळगावहून रात्रभर प्रवास करून एक आजी आल्या. मोबाइलवर नोंदणी क्रमांकाचा एसएमएस होता, पण यादीत त्या क्रमांकापुढे नाव एका निवृत्त सुभेदारांचं. सुभेदारही रांगेत हजर, आणि त्यांच्या मोबाइलवरही तोच क्रमांक! टेबलावरचा मुलगा म्हणाला, "आजींनी फॉर्म नीट भरला नसेल." हे वाक्य मला अजिबात खपत नाही. पोच आपण दिली आहे. मग चूक त्यांची कशी? आजींची तपासणी आधी करून घेतली, शोध नंतर.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांचं उत्तर आलं, "सर, लोड खूप होता." लोडमुळे चूक उघडी पडते, चूक आधीपासूनच असते.

सैन्यात संदेशांना अनुक्रमांक असतो. ४१ नंतर ४३ आला की ऑपरेटर लगेच ४२ मागतो. इथेही तेच करायचं, प्रत्येक नाक्यावर मोजणी. वेब सर्व्हरपर्यंत किती फॉर्म पोचले? 'जतन करा' हा हुकूम किती वेळा सुटला? टेबलात ओळी किती? जिथे आकडा घसरतो, तिथेच पाहायचं. आमच्याकडे पहिले दोन आकडे जुळत होते, तिसरा कमी. मग एक ते हजार असे क्रमांक घातलेल्या खोट्या नोंदी एकामागून एक पाठवल्या. हजारच्या हजार सापडल्या. त्याच नोंदी पन्नास-पन्नासच्या टोळ्यांनी एकदम पाठवल्या, तेव्हा काही गळाल्या.

कारण साधं निघालं. नोंदणी क्रमांक घड्याळातल्या मिलिसेकंदावरून बनत होता. एकाच मिलिसेकंदात दोन फॉर्म आले की दोघांना एकच क्रमांक. त्यावर हुकूम असा, की क्रमांक आधीच असेल तर तीच ओळ बदला. म्हणजे सुभेदार आजींच्या ओळीवर बसले. साधा 'नवी ओळ घाला' हा हुकूम असता, तर प्रायमरी कीने दुसऱ्याला दारातच अडवलं असतं आणि एरर दिसली असती. कुणीतरी सुचवलं, मोठा सर्व्हर घेऊ. घ्या, एका मिलिसेकंदात आणखी जास्त फॉर्म मावतील!

याच बंगळुरूत आधारचं तंत्रज्ञान केंद्र आहे. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना मिळालं. एप्रिल २०१६ पर्यंत आकडा १०० कोटींवर गेला. घरात नोंदणीची जुनी पावती असेल तर काढून बघा. आधी १४ अंक, मग तारीख-वेळेचे १४. पहिल्या चौदांत ४ नोंदणी संस्थेचे, ५ यंत्राचे आणि ५ त्या यंत्रावरच्या अनुक्रमाचे. त्यामुळे दोन गावांत एकाच सेकंदाला नोंदणी झाली, तिथे इंटरनेट नसलं, तरी क्रमांक भिडत नाहीत. वेळ त्यात आहे, पण भिस्त एकट्या वेळेवर नाही.

आता एक सावधगिरी. हरवल्यासारखं दिसणारं सगळंच हरवलेलं नसतं. डेटाबेस स्वतः क्रमांक देत असेल आणि ट्रान्झॅक्शन रद्द झालं, तर तो क्रमांक सहसा परत येत नाही. ५००४ नंतर एकदम ५००६ दिसलं म्हणून आरडाओरड नको. कधी आपण मूळ डेटाबेसऐवजी त्याची प्रत वाचत असतो आणि ती जरा मागे असते. खरा धोका वेगळा आहे. कॉमिट होण्याआधीच प्रोग्रॅम 'नोंद झाली' म्हणतो, आणि तेवढ्यात सर्व्हर बंद पडतो. उरलेल्या जागांचंही तसंच. दोघं एकदम '४० शिल्लक' वाचतात आणि दोघंही ३९ लिहितात. ती वजाबाकी डेटाबेसलाच एका हुकमात करू द्यावी.

पुसलेली नावं टेबलातून परत मिळणार नव्हती. पण एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीच्या अहवालात प्रत्येक क्रमांक कोणत्या मोबाइलवर गेला ते होतं. एका क्रमांकापुढे दोन मोबाइल दिसले, की त्या दोघांनाही स्वयंसेवकांनी फोन केला. पुढच्या रविवारी डॉक्टरांना पुन्हा बोलावलं.