आवाज सारखा करावा, पण किती?

गटाची बैठक आटोपून बसलेल्या, रानात फोनवर रेडिओ लावून खुरपणाऱ्या, चुलीपुढं भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, तुम्हा सगळ्यांना आम्हा रेडिओवरच्या बायांचा नमस्कार.

आज आम्ही आमच्याच कामाबद्दल बोलणार आहोत. तुमच्या ओव्या आणि गाणी आम्ही रेकॉर्ड करतो. पण ती तुमच्या कानावर येण्याआधी त्यांचं काय काय होतं, हे कधी सांगितलं नाही. आता बऱ्याच गटांमध्ये स्मार्टफोन आहेत, काही गट स्वतःच गाणी रेकॉर्ड करून आम्हाला पाठवतात. म्हणून हे तुम्हालाही माहीत असलेलं बरं. शिवाय आमच्या हातून एक चूक झाली आहे, तीही सांगायची आहे.

गेल्या श्रावणात आम्ही एका गावात जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. ओसरीवर जातं, भोवती पाचजणी. एकीचा गळा असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. दुसरी माईक बघूनच दबलेली. एक आजी जात्याला टेकून, माईकपासून जरा लांब बसलेल्या. आवाजाचं असं असतं की मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो सहा डेसिबलनं उतरतो. डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप. त्यात जात्याची घरघर आणि खुंट्यावर आपटणाऱ्या बांगड्या होत्याच.

असं रेकॉर्डिंग जसंच्या तसं लावलं तर ऐकणारीची पंचाईत होते. एकीसाठी आवाज वाढवावा तर दुसरी कानठळ्या बसवते. आणि आपला रेडिओ काही शांत खोलीत बसून ऐकला जात नाही. चूल, लेकरं, मोटार, वारा, सगळं चालू असतं. दबून गाणारी बाई त्यात हरवून जाते. तिला घरीही कुणी नीट ऐकत नाही, आणि रेडिओवरही ती ऐकू येऊ नये, हे आम्हाला पटत नाही. म्हणून आवाज सारखा करावा लागतो.

तो करायच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा साधी. संगणकाला रेकॉर्डिंगमधला सगळ्यात मोठा आवाज सापडतो. तो ठरलेल्या टोकापर्यंत येईल एवढं सगळं रेकॉर्डिंग एकसारखं वर उचललं जातं. उतरंड जशीच्या तशी उचलून ओट्यावर ठेवावी तसं. मडक्यांमधलं लहानमोठेपण तसंच राहतं. याला नॉर्मलाइज म्हणतात. यात गाण्याला धक्का लागत नाही, पण एक अडचण आहे. सगळ्यात मोठा आवाज गळ्याचा नसून बांगडी आपटल्याचा असला, तर संगणक बांगडीकडे बघूनच थांबतो. गाणारी खालीच राहते.

दुसरी तऱ्हा त्यावर उपाय म्हणून आली. आपला कान एका क्षणाचा टोकाचा आवाज धरून बसत नाही, तो साधारण सरासरी ऐकतो. हे ध्यानात घेऊन आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं २००६ साली कानाला जाणवणारा आवाज मोजायची रीत ठरवून दिली. त्या मापाला एलयूएफएस म्हणतात. २०१० साली युरोपातल्या प्रसारण संस्थांनी आपल्या कार्यक्रमांसाठी उणे २३ हा आकडा धरला, म्हणजे एका कार्यक्रमावरून दुसऱ्यावर जाताना कुणाला रिमोट शोधावा लागू नये. ऑडॅसिटी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोघांनी ते बनवलं आणि २००० साली सगळ्यांना खुलं केलं.

तिसरी तऱ्हा म्हणजे आपोआप आवाज सारखा करणारा प्लगइन. प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा जास्तीचा भाग. एखादी बाई मिक्सरच्या बटणावर बोट ठेवून सगळं गाणं ऐकते, आवाज पडला की वर घेते, चढला की खाली घेते, तेच काम हा करतो. त्याला आपण चार गोष्टी सांगायच्या: आवाज कुठं ठेवायचा, जास्तीत जास्त किती हलवायचा, किती झपाट्यानं हलवायचा, आणि किती बारीक आवाजाला हातच लावायचा नाही.

आम्ही त्या चारांतली एकही सांगितली नाही. प्लगइनमध्ये आधीपासून जे आकडे होते तेच ठेवले, बटण दाबलं, आणि ओव्या प्रसारित केल्या. पाचही जणींचा आवाज सारखा झाला होता. आम्हाला वाटलं, काम झकास झालं.

आठवड्यानं त्या आजींच्या सूनबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "आमच्या सासूबाई असं गात नाहीत. आणि मधेच जातं एवढं का ओरडतं?"

आम्ही परत ऐकलं. त्यांचं खरं होतं. आजी ओळ संपवून दम घ्यायच्या, तेव्हा प्लगइनला वाटायचं की आवाज पडला. तो वर उचलायचा, आणि वर यायची ती जात्याची घरघर. पुढची ओळ सुरू झाली की घरघर पुन्हा दबायची. सगळ्या ओव्यांमध्ये जातं असं हापसत होतं.

आम्ही आजींकडे गेलो. हेडफोन लावून त्यांना ऐकवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, लेकीचं नाव येतं तिथं मी आवाज खाली घेते. तुम्ही तिथंच मला ओरडायला लावलंय." त्यांची लेक तरणीताठी गेली, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आम्ही म्हटलं, मूळ रेकॉर्डिंगवरून पुन्हा नीट करू. परत येऊन शोधलं, तर मूळ राहिलंच नव्हतं. घाईत आम्ही बदललेलं रेकॉर्डिंग त्याच नावानं, त्याच फाइलवर जपलं होतं. जुनं पुसलं गेलं होतं.

आजी पुन्हा गायला तयार झाल्या, पण थंडीत त्यांना दम लागतो. चैत्रापर्यंत थांबलो. श्रावणात त्यांनी अकरा ओव्या गायल्या होत्या. चैत्रात सात आठवल्या. उरलेल्या चार आता आमच्याकडे आहेत त्या आमच्या हातून बिघडलेल्याच.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्यातल्या हजारो गाणाऱ्यांच्या आवाजात रेकॉर्ड झाल्या. लिहून घेतलेली ओवी वाचता येते. पण बाईनं दम कुठं घेतला, आवाज कुठं खाली आणला, हे रेकॉर्डिंगमध्येच राहतं. तेच आम्ही सपाट केलं होतं.

म्हणून आता आम्ही असं करतो. रेकॉर्डिंग घरी आणलं की आधी त्याची प्रत काढतो. मूळ फाइलच्या नावात 'मूळ' असा शब्द घालतो आणि ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवतो. तिला हात लावायचा नाही. काम प्रतीवर.

मग बायाबायांमधला फरक काढतो. दबलेलीचं सगळं गाणं एकसारखं वर, मोठ्या गळ्याचीचं सगळं गाणं एकसारखं खाली. मापाला एलयूएफएसचा आकडा असतोच. एका बाईच्या गाण्यातला चढउतार मात्र तिचा असतो, तो शक्यतो तसाच ठेवतो. प्लगइन लावायची वेळ आलीच तर त्याला चार डेसिबलपेक्षा जास्त हलू देत नाही, सावकाश हलवतो, आणि जात्याच्या घरघरीएवढ्या आवाजाला हात लावू नकोस असं आधीच सांगून ठेवतो. एखादा शब्द अगदीच ऐकू येत नसेल तर तेवढाच हातानं थोडा वर घेतो.

आणि शेवटी, प्रसारणाआधी गाणारीला ऐकवतो. ती हो म्हणाली की मगच रेडिओवर.

तुम्ही फोनवर रेकॉर्ड करत असाल तर निम्मं काम तिथंच होतं. फोन तोंडापासून एक वीत अंतरावर धरा, पण अगदी समोर नको, जरा बाजूला. मोठ्या गळ्याची बाई दोन हात मागं बसवा, दबकत गाणारी पुढं घ्या. बांगड्या वाजत असतील तर कोपराकडं सरकवा, नाहीतर त्यांना रुमाल बांधा. सुरू करण्याआधी दोन ओळी गाऊन घ्या आणि ऐका. आवाज फाटत असेल तर फोन लांब न्या. फाटलेला आवाज कुठलाच प्लगइन शिवून देत नाही. आणि गाणं आम्हाला पाठवलं तरी तुमच्या फोनमधलं लगेच पुसू नका.

त्या चार ओव्या कुणाच्या घरी, कुणाच्या फोनमध्ये असतील असं आम्हाला अजून वाटतं. त्या दिवशी ओसरीवर दोघीतिघींनी फोन धरले होते. तुमच्यापैकी कुणी तिथं असाल तर आपला फोन एकदा उघडून बघा. रेकॉर्डिंग सापडलं तर आहे तसंच घेऊन या. आवाज बारीक असला तरी चालेल.

भेटू पुढच्या बुधवारी. नमस्कार.