पुढारीपण रक्तात असतं का?

(लाखांदूर येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



"पुढारीपण रक्तात असावं लागतं, बाई. शिकवून येत नाही," असं मला याच तालुक्यातल्या एका गृहस्थांनी ऐकवलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या पुढारी. त्या घरातली पोरं लहानपणापासून बैठकीत बसतात, भांडण कसं मिटवायचं ते बघतात. याला रक्त म्हणायचं की शिकवणी? मुली त्या वेळी आत चहा गाळत असतात. रक्त तर तेच ना!

रोवणीच्या दिवसांत बांधीवर जाऊन बघा. पंधरा-वीस बायांची टोळी असते, आणि त्यातली एक मालकाशी दर ठरवते. पऱ्हे कुणी उपटायचे, रोवायला कुणी लागायचं, कुणाचं पोर तापलं म्हणून तिला लवकर सोडायचं, सगळं तीच बघते. तिलाच ग्रामसभेत बोल म्हटलं की म्हणते, "मले नाही जमत बाई." जमत कसं नाही? बांधीवरही पहिल्या दिवशी जमलं नव्हतं. दोनदा दरात फसली, मग शिकली. ग्रामसभेत तिला चुकायलाही वाव मिळाला नाही. सावित्रीबाई फुलेसुद्धा लग्नानंतर अक्षरं शिकल्या, शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, मग शाळेत उभ्या राहिल्या.

१९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला शेतकरी संघटनेच्या बळावर सगळी पंचायत बायांची झाली. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू होऊन एक तृतीयांश जागा आल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रात निम्म्या. तरी कितीतरी ठिकाणी सही तिची आणि कारभार नवऱ्याचा. त्यावर हसणारे पुष्कळ. ठरावाची वही तिच्या हातात देणारे किती?

आता माझी चूक सांगते. एम.एस.डब्ल्यू. होऊन मी कामाला लागले तेव्हा एका गावात पाण्यासाठी तीन वर्षं प्रत्येक कचेरीत मीच बोलले. बाया मागे उभ्या. हातपंप बसला, सत्कारही झाला माझा! मग बाळंतपणासाठी सहा महिने गेले. परत येते तर हातपंप बंद, आणि साधा अर्जही कुणी दिलेला नाही. "ताई, तुमी नव्हत्या ना!" मला राग आला होता तेव्हा. खरं तर शिकायची जागा मीच अडवून बसले होते.

ग्रामसभेआधी आपली महिला सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो. येत्या सभेत रेशनचा विषय कोण मांडणार, ते आत्ताच ठरवू. जी आजवर बोललेली नाही, तिचं नाव आधी सांगा. मी मागे बसणार आहे.