पांढरीची बेटे आणि गरिबाचे घर

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही आज मी बेटांवरील वस्तीविषयी आणि तेथील घरांविषयी बोलणार आहे.

गावाच्या जमिनीचे आपल्या पूर्वजांनी दोन भाग मानले : काळी आणि पांढरी. काळी पिकते, पांढरीत माणसे नांदतात. घाट उतरून मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागात गेले म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात काळ्या जमिनीचा सपाट पसारा दिसतो आणि त्यात जागोजागी थोडीशी उंचावलेली गावठाणे दिसतात. मातीची घरे पडली, त्याच जागी पुन्हा उभी राहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या पांढरी उंच होत गेली. पावसाळ्यात सातपुड्यातून व घाटावरून येणारे नदीनाले भरले, भोवतालच्या काळीचा चिखल झाला, की यांतील अनेक गावे खरोखरीच बेटे होतात. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत झालेल्या अतिवृष्टीने शेते खरडून गेली, घरांत पाणी शिरले. त्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे.

बेटावर राहण्याचे काही गुण असतात. माणसे एकमेकांना धरून राहतात. रात्री पाणी चढू लागले तर शेजारी शेजाऱ्याला उठवतो, बाळंतिणीला आणि म्हाताऱ्यांना उंचावरच्या घरात आसरा मिळतो. परंतु बेटाची एक अडचण अटळ आहे : ते वाढत नाही. कुटुंबे वाढतात, भावाभावांच्या वाटण्या होतात. पांढरी मात्र होती तेवढीच राहते. मग नवे घर कोठे उभे राहते? ज्याच्याजवळ पैसा आहे तो रस्त्यालगतची जागा घेतो. ज्याच्याजवळ नाही तो उतारावर, नाल्याच्या काठी, म्हणजे पांढरी सोडून काळीत उतरतो.

येथेच गरिबाचे घर सर्वांत महाग होते. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना चिरा पडतात. उपाय ठाऊक आहेत : काळी माती खोलवर काढून मुरुमाची दाबून भर घालावी, किंवा रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने प्रसार केलेल्या, तळाशी फुगीर असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया घ्यावा. पण दोन्हींना पैसा लागतो. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सन २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र असे प्रमाण ठरले. मुरमाड टेकाडावरील लाभार्थी आणि काळीतील लाभार्थी यांना रक्कम सारखीच. एकाची रक्कम भिंतींत दिसते. दुसऱ्याची जोत्याखालीच गडप होते. पुढे छपरासाठी तो सावकाराकडे जातो.

खऱ्या बेटाकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे १० किलोमीटरवर, रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात घारापुरी बेट आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तेथील तीन वस्त्या. समुद्राखालून केबल टाकून तेथे कायमची वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. सिमेंटची गोणी, वाळू, सळई, सारे होडीने न्यावे लागते. आणि संरक्षित लेण्यांभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास कायद्याने मनाई आहे. तेथेही घराची किंमत ठरवतात त्या दोनच गोष्टी : जागा आणि वाट. भिंतीचा खर्च त्यानंतरचा.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, घरकुलाचा विचार जागेपासून सुरू झाला पाहिजे. ज्यांना जागाच नाही अशांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे आणि तिचा लाभ घेतलाच पाहिजे. परंतु एकेका कुटुंबाने स्वस्त मिळेल तो तुकडा घ्यावा, आणि तो नेमका पाणलोटात असावा, यात शासनाचाही पैसा जातो आणि कुटुंबाचेही आयुष्य जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ अन्वये गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. उंच, मुरमाड, रस्त्याला लागून असलेली जमीन हेरून ग्रामसभेने ठराव केला व गावठाण विस्ताराचा रीतसर प्रस्ताव पाठविला, तर अनेक कुटुंबांचा पाया एकदमच स्वस्त होतो. नवी पांढरी निर्माण करणे ते हेच.

या जिल्ह्यात नव्या पांढरीचा प्रश्न आणखी एका रूपाने उभा आहे. पूर्णेवरील जिगाव प्रकल्पामुळे बुडीत क्षेत्रातील गावेच्या गावे नव्या गावठाणांत हलवावी लागत आहेत. अशा वेळी ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत ५२ गावांचे स्थलांतर झाले, त्याचा धडा लक्षात ठेवावा. तेथे घरे मजबूत झाली. पण अनेक ठिकाणी शहरी आखणीच्या सरळ रांगांमुळे वस्ती पसरली, आळी तुटली, जुने शेजार दूर गेले. पाण्याची नळवाहिनी आणि रस्ते लांबले, त्यांची देखभाल पंचायतीला जड झाली. जुन्या गावात पाराभोवती, ओट्याओट्यांवर जे जीवन होते, ते आखणीच्या कागदावर नव्हते. प्लॉटचे वाटप करताना जुने शेजारी शेजारीच राहतील एवढे पाहिले, तर त्याला जादा खर्च येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात कोणत्या वर्षी पाणी कोठवर चढले, हे वृद्धांना ठाऊक असते. वरच्या वर्गातील मुलांकडून ती माहिती गोळा करावी, त्या खुणांचा गावाचा नकाशा तयार करावा आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. स्वामित्व योजनेच्या गावठाण मोजणीच्या नकाशाशेजारी तो ठेवला, तर कोठे बांधावे आणि कोठे बांधू नये, हे निरक्षर माणसालाही कळेल.

पंचायत सदस्यांना माझे सांगणे असे की, यापुढे घरकुलांच्या यादीचे वाचन होण्यापूर्वी तीत नाव असलेल्या प्रत्येक कुटुंबाची जागा पावसाळ्यात एकदा स्वतः चालून पाहा. ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी यांना सोबत घ्या. ज्या जागेवर तुमचा पाय रुतेल, तेथे घर बांधण्यास एखाद्या विधवेला किंवा शेतमजुराला सांगू नका. तिच्यासाठी दुसरी जागा शोधणे, हे घरकुल मंजूर करण्याइतकेच तुमचे काम आहे.